तपासणाऱ्याची सही

बोस्टन, १२ सप्टेंबर १८८७

प्रिय अमासा,

सतरा वर्षांनी लिहितो आहे, तेही कामापुरते.

पेनहॅलो एप्रिलमध्ये गेला. बातमी नेब्रास्कापर्यंत आली असेल. त्याच्या पत्नीने, पेनहॅलोबाईंनी, मला त्याचे चरित्र लिहायला सांगितले आहे. आपले नकाशांचे ऑफिस आता मी चालवतो, पाटीवर नाव त्याचेच आहे, तेव्हा हे कामही माझ्याकडेच यायचे होते.

लहानपण लिहून झाले. मेनच्या किनाऱ्यावर बापाचा जहाजे बांधण्याचा कारखाना. तेराव्या वर्षी हा पोरगा जहाजाच्या फासळ्या खऱ्या मापात, खडूने, जमिनीवर काढत असे. पुढे तो म्हणायचा की जहाज पालथे घातले की छप्पर होते, त्यात शिकण्यासारखे काही नाही. मग युद्ध. तिथे त्याने पूल बांधले आणि केस पांढरे करून घेतले. तिशी ओलांडली नाही तोच आपण त्याला पाठीमागे म्हातारा म्हणत होतो. हे मी पुस्तकात घेतलेले नाही.

कामाच्या पद्धतीपाशी अडलो आहे. तो मोठा कागद कधी वापरत नसे. पातळ कागदाचा तळहाताएवढा तुकडा, मऊ पेन्सिल. त्यावर एक अक्षर नाही की आकडा नाही. तो तुकडा आपल्या टेबलावर टाकून तो खाणीवर निघून जायचा. तिथे हातोडीने दगड वाजवून त्यांना कान लावायचा. उरलेली इमारत आपण काढायची. तयार नकाशा घेऊन गेलो तर तोंड फिरवायचा. "स्वच्छ नकाशा पुढे आला की मला इमारत दिसेनाशी होते. न्या तो इथून." हे मी जसेच्या तसे घेतले आहे.

ते तुकडे तू जमिनीवरून उचलून सिगारच्या डब्यात ठेवायचास. आम्ही हसायचो. डबा अजून असला तर पुस्तकासाठी पाच-सहा पाठव.

अ‍ॅशबी फॉल्सच्या ग्रंथालयावर वेगळे प्रकरण आहे. ते टाळता येत नाही; त्यानेच तो मोठा झाला. तुझे नाव त्यात येणार नाही याची काळजी मी घेईन.

हल्डा बरी आहे. भावाचे नाव काढत नाही.

एनॉक स्टॅनवुड


बोस्टन, ३ ऑक्टोबर १८८७

अमासा,

तुझे कार्ड मिळाले. "डबा आहे. पाठवणार नाही. माझे नाव यायला हरकत कोणाची आहे?" पत्ता धरून पाच ओळी. कार्ड हल्डाने दारातून आत आणले. अक्षर बघून तिने ते माझ्या ताटाशेजारी पालथे ठेवले आणि कॉफी ओतली.

ग्रंथालयाचे प्रकरण लिहून झाले आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"वाचनाचे दालन नेहमी दक्षिणेला असावे हा त्या काळचा संकेत. पेनहॅलोने सूर्याकडे पाठ फिरवली. त्याने दालन उत्तरेला नेले, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत न हलणारा, डोळ्यांना न टोचणारा उजेड वाचकाच्या पानावर आणून ठेवला. आज या प्रांतातली बावीस ग्रंथालये त्या उजेडाची ऋणी आहेत."

बाईंना हे आवडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

कसे झाले ते आपल्याला ठाऊक आहे. १८६९ च्या ऑक्टोबरात तो खाणीत पाय मोडून घेऊन घरी पडला होता. तुकडा त्याने अंथरुणावरून पाठवला. मऊ पेन्सिल फिसकटू नये म्हणून ते तुकडे आपण पालथे घालून ठेवत असू. हाही पालथा होता आणि पालथाच राहिला. पातळ कागदातून रेषा मागच्या बाजूनेही ठळक दिसतात. मी त्यावरून मोठा नकाशा काढला. त्याने दालन दक्षिणेला, बागेकडे ठेवले होते आणि मनोरा उत्तरेला, घोड्यांच्या तबेल्याकडे. माझ्या नकाशात मनोरा बागेकडे गेला आणि दालन तबेल्याकडे. त्यावर उत्तर दिशेचा बाण मीच काढला.

जूनमध्ये तो काठी टेकत पहिल्यांदा जागेवर आला तेव्हा भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. मलोनी मिस्त्री टोपी हातात घेऊन पुढे झाला.

"साहेब, आम्ही कागद बघून बांधतो. पण एक विचारू? लोकांनी इथं पुस्तकं वाचायची, की घोडी मोजायची?"

म्हाताऱ्याने एक खोके मागवले. त्यावर तो दुपारभर बसला. दालनाच्या जागी उजेड कसा उतरतो ते बघत राहिला. जाताना मलोनीला एवढेच म्हणाला, "बांधा. आहे तसंच बांधा."

आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने तुला काढून टाकले. नकाशा काढणारा मी होतो, तपासणारा तू. नियम त्याचा होता: ज्याचा हात चालतो त्याची चूक होणारच; ज्याने फक्त बघायचे, त्याने ती होऊ द्यायची नाही. तपासणाऱ्याच्या सहीशिवाय ऑफिसातून कागद हलत नसे. या कागदावर सही होती.

आता दुसरी गोष्ट. तुमच्या जिल्ह्याच्या समितीचे पत्र परवा ऑफिसात आले. त्यांना दगडी न्यायालय बांधायचे आहे. तुझा आराखडा त्यांना पसंत आहे. पण ओमाहाच्या कोणीतरी त्यांच्या कानावर घातले आहे की तुला बोस्टनहून हाकलले होते. त्यांचा प्रश्न एकच आहे: अमासा ड्रू यांना कामातल्या हलगर्जीपणाबद्दल काढले, हे खरे काय? एक डिसेंबरला त्यांची बैठक आहे. उत्तर नकारार्थी नसेल तर काम ओमाहाच्या माणसाकडे जाईल असे त्यांनी सरळ लिहिले आहे.

इतकी वर्षे तू रेल्वेची ठाणी आणि धान्याची कोठारे बांधलीस असे ऐकतो. हे न्यायालय तुझ्या दृष्टीने काय आहे ते मला कळते. पण मी ऑफिसच्या वतीने लिहिणार. मला कागद बघून उत्तर द्यावे लागेल. शक्य तितके सौम्य शब्द वापरीन.

एनॉक


बोस्टन, ३० ऑक्टोबर १८८७

अमासा,

समितीला अजून उत्तर गेलेले नाही.

काल शनिवार होता. पुस्तकात चित्र घालायचे म्हणून ग्रंथालयाचा मूळ नकाशा मी घरी आणला होता. कापडी कागद, अजून पांढरा आहे. जेवणाच्या टेबलावर पसरून कोपऱ्यांवर चार चमचे ठेवले. हल्डा बशा घेऊन आली.

"हे काय, नवीन चादर?"

"ग्रंथालयाचा नकाशा. बाजूला हो, लोणी लागेल."

"हाच होय तो?" तिने बशा खुर्चीवर ठेवल्या. "सतरा वर्षं ऐकतेय, आज बघतेय. चांगला काढलायस रे. एवढी बारीक पायरी न् पायरी." ती वाकून बघत होती. मग तिचे बोट खालच्या चौकटीत थांबले. "नऊ नोव्हेंबर."

"हो."

"एकोणसत्तर."

"असेल."

"असेल काय? लिहिलंय." ती सरळ उभी राहिली. "नऊ नोव्हेंबरला आईला माती दिली, एनॉक. मंगळवार होता. अमासा शनिवारपासून सेलममध्ये माझ्या शेजारी होता. मग ही सही करायला तो काय उडत आला बोस्टनला?"

मी म्हणालो, घेवडा निवतो आहे.

"निवू दे. तू संध्याकाळच्या गाडीने आलास. सगळं आटोपल्यावर. हाताला शाई होती तुझ्या. मला वाटलं, बिचारा काम अर्धं टाकून धावत आला. हात धुवायला गरम पाणी मी आणून दिलं." तिने कोपऱ्यावरचा चमचा सरळ केला. "मीच दिलं."

मग तिने बशा उचलून आत नेल्या. आम्ही जेवलो नाही. काल संध्याकाळपासून ती मला मिस्टर स्टॅनवुड म्हणते. आज सकाळी चर्चला निघताना म्हणाली, "मिस्टर स्टॅनवुड, तुमची छत्री."

तुला यातले काही नवे नाही. तरी लिहितो, कारण कागदावर अजून कुठेच नाही.

नऊ तारखेला दुपारी कंत्राटदाराचा माणूस दाराशी बसला होता. त्याला चारच्या गाडीने नकाशा न्यायचा होता. हिवाळ्यात दगड घडवून ठेवायचे तर मापे त्या आठवड्यात हवी होती. मला सेलमला यायचे होते. तू नव्हतास. तुझी छोटी सही मला तुझ्याइतकीच येत असे. नाताळात आपण एकमेकांच्या सह्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवायचो. ती मी केली. तू परतलास की तुकड्याशी ताडून बघायला सांगू असे ठरवले. तू तीन दिवसांनी परतलास. तुझ्या बाहीवर काळी फीत होती. मी सांगितले नाही. पुढच्या आठवड्यातही सांगितले नाही. मग नकाशा बरोबर आहे असे मीच धरून चाललो.

जूनमध्ये म्हाताऱ्याने तुला हाक मारली तेव्हा मी माझ्या टेबलाशी होतो. मध्ये दोन हातांचे अंतर. त्याने कागद तुझ्यापुढे धरला.

"ही सही तुझी?"

तू बघितलेस. वेळ लावलास. तारीखही बघितली असशील.

"हो," म्हणालास.

"तुकड्याशी ताडून बघितलं होतंस?"

"बघायला हवं होतं."

"मग टोपी घे."

तू टोपी घेतलीस. माझ्याकडे वळूनही बघितले नाहीस. मी पेन्सिल तासत होतो. चांगली पेन्सिल होती, तासून तासून बोटभर उरली.

सप्टेंबरात माझे आणि हल्डाचे लग्न ठरले होते. तू "हो" का म्हणालास ते मी कधी विचारले नाही, पण मला कळत नव्हते असे नाही. लग्नाला तू आला नाहीस. हल्डा त्यावर सतरा वर्षे रागावून होती. मी तिला रागावू दिले.

एक गोष्ट मात्र तुला माहीत नसेल. त्या दिवसानंतर पेनहॅलोने मला नकाशावर कधी अक्षर काढू दिले नाही. रेषा माझ्या, नावे, मापे, तारीख, सगळे दुसऱ्याकडून. मोठ्यातल्या मोठ्या कामातही. कोणी विचारले तर म्हणायचा, "स्टॅनवुडचं अक्षर मला नको." मला वाटायचे, माझे अक्षर त्याला कुरूप वाटते. सतरा वर्षे मला असे वाटत होते, म्हणजे मी तसे वाटवून घेत होतो. तो दगडाचा आवाज ओळखायचा. त्याला सही ओळखता आली नसेल?

त्याला माझा हात हवा होता. तुझा नसला तरी चालत होते. हे मी बाईंच्या पुस्तकात लिहू शकेन की नाही, माहीत नाही.

एनॉक


बोस्टन, २० नोव्हेंबर १८८७

प्रिय अमासा,

तुझे पाकीट मंगळवारी आले. आत पत्र नव्हते. नुसता तो तुकडा होता.

मला वाटले होते त्यापेक्षा तो लहान आहे. कडा पिवळ्या झाल्या आहेत. पेन्सिल अजून फिसकटते. मी बोट फिरवून बघितले: एका बाजूने बोट स्वच्छ राहते, दुसऱ्या बाजूने काळे होते. काळे होते ती बाजू सुलटी. तपासायला एक बोट पुरले असते.

परवा मी पेनहॅलोबाईंकडे गेलो. तुकडा आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवून सगळे सांगितले. त्यांनी चष्मा लावला, काढला.

"म्हणजे उत्तरेचा उजेड त्यांचा नव्हे?"

"चूक माझी होती. पण ती ठेवायची हे त्यांनी ठरवलं. दुपारभर बसून ठरवलं. ते मी लिहीन."

"दुपारभर खोक्यावर बसले, हे लिहिणार? आणि तबेला?"

"तबेलाही."

"आणि त्या माणसाला काढलं ते?"

"ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही, बाई."

त्यांनी चष्मा मिटून डबीत ठेवला. मग म्हणाल्या, "ते एकदा म्हणाले होते, माझ्या ऑफिसात एक खोटा माणूस आहे आणि त्याच्याइतकी सरळ रेष कोणाला काढता येत नाही. मला वाटलं, चेष्टा करतायत." चहा आला होता. त्यांनी माझा कप भरला नाही. "पुस्तक माझा भाचा लिहील, मिस्टर स्टॅनवुड. तो पाद्री आहे. त्याला इमारतींतलं काही कळत नाही, ते बरंच आहे."

मी प्रकरणे बांधून त्यांच्याकडे पाठवली. बावीस ग्रंथालयांचे वाक्य त्यांत आहे. भाचा ते ठेवील.

ऑफिसातल्या लोकांना काल गोळा करून सांगितले. वयाने थोरले हॉब्सकाका तेवढे म्हणाले, "ड्रू कागद न तपासता सोडायचा नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं." म्हटले नव्हते. मला आठवते. पण आता त्यांनी म्हटले आहे.

समितीला लिहिलेल्या पत्राची ही नक्कल:

"आपल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. अ‍ॅशबी फॉल्सच्या नकाशावरील तपासणाऱ्याची सही अमासा ड्रू यांची नाही. ती मी केली. त्या दिवशी ते सेलम येथे आपल्या आईला माती देत होते. सेलमच्या चर्चच्या नोंदीत तारीख सापडेल. या ऑफिसात पाच वर्षांत त्यांच्या हातून न तपासलेला कागद बाहेर गेल्याचे माझ्या माहितीत नाही. हे पत्र आपण वाटेल त्याला दाखवावे. एनॉक स्टॅनवुड."

हल्डाने मी लिहीत असताना समोर खुर्ची ओढली होती. विणकाम घेतले नव्हते. संपल्यावर तिने पत्र उचलून वाचले, म्हणाली, "'त्या दिवशी'च्या जागी तारीख घालायला हवी होतीस." मी घालू का विचारले. "राहू दे. नाहीतर पुन्हा लिहायला आणखी सतरा वर्षं घेशील." तीन आठवड्यांत तिने मला प्रथमच एकेरीत हाक मारली. नंतर पुन्हा मिस्टर स्टॅनवुड. पाकीट तिने स्वतः पोस्टात टाकले.

उद्या ती निघते. शिकागोला गाडी बदलून गुरुवारी, आभाराच्या सणाच्या दिवशी, तुझ्याकडे पोचेल. क्रॅनबेरीचा मुरंबा करून घेतला आहे. तिकडे क्रॅनबेरी मिळत नसणार असे म्हणते. परतीचे तिकीट काढले आहे की नाही, मी विचारलेले नाही.

तिच्याबरोबर एक नळकांडे देतो आहे. आत ग्रंथालयाचा नकाशा आहे आणि तुझा तुकडा. ऑफिसच्या कपाटात त्यांचे आता काही काम नाही. गुरुवारी नाही जमले तर नंतर केव्हा तरी, दिवसा, टेबल मोकळे करून दोन्ही शेजारी ठेव. तुकडा सुलटा ठेव.

मी केलेली तुझी सही चाकूने खरवडून काढली आहे. कापडावर हे नीट होत नाही, तुला माहीत आहे. चकाकी जाते, धागे उघडे पडतात, त्या जागी पुन्हा शाई टेकली तर पसरते. "काढणारा" पुढे माझे नाव आहे ते तसेच आहे. "तपासणारा" पुढची जागा रिकामी आहे.

तिथे शाई धरणार नाही. पेन्सिल चालेल.

एनॉक